घरचा नमुना

पहिल्याच दिवशी नईम सरांनी आम्हा सात जणांना एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर असं काही रंगवून दिलं की टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आता आठवल्या की कुठे तोंड लपवू असं होतं.

आम्ही सातही जण मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. धुळे, चाळीसगाव, भुसावळ, शिरपूर, असे ठिकठिकाणचे. नईम सरांनी जळगावात दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम सुरू केला होता. मुलांना व्यसन कसं लागतं यावर नुसती औषधं लिहून न देता संशोधन कसं करायचं, हे आमच्यासारख्यांना शिकवायचं. गुरुवार ते शनिवार जळगाव, बाकीचे दिवस आपापला दवाखाना. सर साठीचे, किडकिडीत, आवाज कधीही न चढवणारे. त्यांचा प्रश्न असा होता की तुम्ही मुलांच्याच मनाचे डॉक्टर का झालात?

मी म्हणाले, "सर, मी शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली. अठराव्या वर्षी मेडिकलच्या होस्टेलला आले आणि पहिला महिना मला वेड लागायची पाळी आली. डोक्यात कुणी डबा वाजवतंय असं वाटायचं. झोप नाही, जेवण नाही, जो दिसेल त्याच्यावर खेकसायचं. एकदा तर रूममेटची बादली लाथेने उडवली. सगळे म्हणाले, घरची आठवण येतेय. महिन्याभराने आपोआप उतरलं. पण तेव्हाच ठरवलं, घरापासून तुटलेल्या पोरांच्या मनात काय होतं ते शिकायचं."

टाळ्या. चाळीसगावचा साकिब आमच्यात सगळ्यात लहान; तो म्हणाला, "दिपमालाताई, हे तर छापून यायला पाहिजे." सरांनी तेवढी टाळी वाजवली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "महिन्याभराने आपोआप?" मी म्हटलं, हो. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. मला जरा रागच आला. मला राग लवकर येतो, हे माझी आई, माझा नवरा आणि माझा कंपाउंडर तिघंही एका सुरात सांगतील.

आमचा पहिला अभ्यास तंबाखूचा होता. सहा ते सोळा वयाच्या मुलांच्या लाळेचा नमुना घ्यायचा. तंबाखू पोटातून, हिरडीतून, कुठूनही अंगात गेला की त्याची खूण दोन-तीन दिवस लाळेत राहते. नमुन्यासोबत घरच्यांची प्रश्नावली, म्हणजे घरात कोण काय घेतं, कधीपासून, मुलाला कधी चाखवलं का. वस्त्यांमधली नि खेड्यांतली एकशे वीस मुलं आम्ही ठरवली. वर सरांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं तर आधी आपल्या घराचं दार उघडायचं. म्हणून आम्हा सात जणांच्या घरची अकरा मुलंही यादीत आली. त्यांच्या नळ्यांवर नाव-वयाऐवजी 'घ' आणि आकडा, आणि कुठला आकडा कुणाचा ते फक्त सरांच्या कपाटात.

साकिबने प्रश्नावली घरी नेली, अम्मीसमोर दोन तास बसला, आणि त्यातून त्याला कळलं की त्याचे चाचा पाच वर्षांपासून गच्चीवर जाऊन गुटखा खातात. आम्ही पोट धरून हसलो. मी माझी प्रश्नावली कँटीनमध्ये चहा येईपर्यंत भरून टाकली. घरात कुणी तंबाखू खातं का? नाही. ओढतं का? नाही. मिसरी किंवा तपकीर लावतं का? नाही. माझी माय जन्मभर मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, दातांना लावत आली होती. पण वडील गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ती धुळ्याला माझ्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिच्या मिसरीचा डबा कचऱ्यात फेकला होता. ती एक शब्दही बोलली नव्हती. म्हणजे सुटली. विचारायचं काय त्यात? घर माझं, आई माझी. 'उत्तर देणाऱ्याची सही' इथे तिच्या वतीने मीच 'प्रमिला' लिहिलं आणि चहा प्यायले.

नमुने द्यायला एका शनिवारी सगळ्यांच्या मुलांना जळगावला बोलावलं होतं. माझी सहा वर्षांची मुक्ता नळीत थुंकताना एवढी हसली की दोन वेळा नळी सांडली. तिचे पुढचे दात काळपट दिसले तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत चॉकलेटवरून दम दिला.

तीन आठवड्यांनी आकडे आले. ते मांडायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या मापात पंधराच्या वर आकडा म्हणजे मूल स्वतः तंबाखू घेतं. घरच्यांच्या धुराने एवढा चढत नाही. वस्त्यांमधल्या मुलांत असे बावीस निघाले. 'घ'वाल्या अकरांपैकी दहा शून्याच्या आसपास. आणि घ-सात, एकशे बारा. सबंध यादीत त्याच्या वर फक्त दोन मुलं होती, आणि ती दोन्ही पंधरा-सोळाची, दिवसाला पुड्या फोडणारी.

शनिवारच्या बैठकीत मी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि माझा तोल गेला. "हे आपल्यापैकी कुणाच्या तरी घरचं पोर आहे. डॉक्टरच्या घरचं! आई-बाप काय करत होते? झोपा काढत होते?" साकिब म्हणाला, "ताई, आधी विचारू तरी या..." मी त्याला पुरं बोलूच दिलं नाही. "विचारायचं काय? ज्याला आपल्या घरातलं दिसत नाही, त्याने दुनियेच्या पोरांवर संशोधन करायचं? सर, मी लेखी सांगते, हा जो कोणी पालक आहे त्याला या अभ्यासक्रमात ठेवू नये. कपाट उघडा."

सर म्हणाले, "चार वाजता जरा थांबा, डॉक्टर."

मला वाटलं, माझ्याच हातून त्या माणसाला पत्र लिहून घेणार. मनातल्या मनात मी मजकूरही जुळवला. चार वाजता सरांनी कपाटातून एक प्रश्नावली काढून माझ्यासमोर ठेवली. घ-सात. खाली माझंच अक्षर. नाही, नाही, नाही.

मी म्हणाले, "चूक आहे. नळी बदलली असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा तपासायला लावलं. एकशे चौदा आलं." सरांनी कागदावर बोट ठेवलं. "आईंची मुलाखत कुठे घेतली होती?"

"घरी," मी म्हणाले. खोटं किती सहज येतं तोंडात!

"तारीख गुरुवारची आहे. गुरुवारी तुम्ही इथे होता."

बत्तीस वर्षं ते लोकांच्या घरात जाऊन प्रश्न विचारत आले होते. त्यांना हे पहिल्याच दिवशी दिसलं असणार. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते नुसते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी खरी प्रश्नावली आणा. आणि घरी जाऊन जाब विचारू नका. प्रश्न विचारा. दोन वर्षं मी तुम्हाला एवढंच तर शिकवणार आहे."

धुळ्याची बस धरली. एरंडोल येईपर्यंत मी मुक्ताच्या शाळेच्या रिक्षावाल्याला गुन्हेगार ठरवलं होतं. पारोळ्याला अमृतवर, म्हणजे नवऱ्यावर, घसरले. तो वीज कंपनीत इंजिनियर. कॉलेजात असताना सिगारेट ओढायचा. फोनवरच त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "अगं, तुझ्या धाकाने मी घरात दुसरा चहा मागत नाही, सिगारेट कुठली ओढतोय? काय झालंय काय?" मी फोन ठेवला. एकशे बारा. माझी सहा वर्षांची पोर. खिडकीबाहेर कपाशीची शेतं मागे पडत होती आणि डोळ्यांसमोर सारखे तिचे काळपट दात येत होते. आणि मग, मोहाडीच्या थोडं अलीकडे, ते काळपट का असतील हे मला कळलं. खरं तर मला आधीच कळून चुकलं होतं. कळून घ्यायचं नव्हतं म्हणून मी रिक्षावाल्याला धरून बसले होते.

सरांचं सांगणं दारातच विसरले. माय स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती, मुक्ता तिच्या बाजूला पीठ मळत बसलेली. मी चपला न काढता आत गेले आणि तोंड सोडलं. काय दिलंस माझ्या पोरीला? डबा कुठे आहे? तुला लाज कशी वाटली नाही? मी डॉक्टर आहे, माझ्याच घरात? मी डबे उघडून आपटत गेले. डाळ, तांदूळ, शेंगदाणे. मायने एकदाही वर पाहिलं नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मुक्ता माझ्याकडे यायचं सोडून तिच्या पदराखाली शिरली. अमृत दारात उभा राहून म्हणाला, "दिपा, पोरगी घाबरलीय."

मी बाहेर येऊन पलंगावर बसले. माझ्या दवाखान्यात असे आई-बाप रोज येतात. पोराला माझ्यासमोर फाडून खातात आणि मग म्हणतात, बघा ना डॉक्टर, हा काही सांगतच नाही. त्यांना मी बाहेर काढते आणि पोराशी एकटी बोलते. दर वेळी मला त्या आई-बापांचा मनापासून तिटकारा येतो.

पिशवीतून कोरी प्रश्नावली काढली. तोंड धुतलं. परत स्वयंपाकघरात जाऊन मायसमोर जमिनीवर मांडी घातली. अनोळखी बाईशी सुरुवात करावी तशी केली.

"नमस्कार. तुम्हाला थोडे प्रश्न विचारायचे आहेत. नको वाटलं तर उत्तर दिलं नाही तरी चालेल. तुमचं नाव?"

माय माझ्याकडे बघून तिच्या अहिराणीत म्हणाली, "येडी व्हयनी का? आते माले तुम्ही म्हनस?"

"सगळ्यांना हेच विचारतो."

तिने गॅस बारीक केला. हात पुसले. "प्रमिलाबाई. साठना वर शे मी, नक्की म्हाईत नही."

"मिसरी लावता का?"

तिने परातीतलं पीठ एका बाजूला सारलं. मग कागदाकडे बोट करून म्हणाली, "हाई आठे लिखशी?"

"लिहीन. नाव कुठे जाणार नाही, फक्त आकडा."

"मंग लिख. लावस मी. दिनमा चारदा."

तू तर सोडली होतीस ना, असं पार ओठांवर आलं होतं. तसा प्रश्न कागदावर नव्हता. कागदावर होतं, 'सोडायचा प्रयत्न केला का? काय त्रास झाला? उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत लिहा.'

"करा ना. तू मना डबा फेकी दिधा तवय. आठ दिन नही लाई. डोकामा डबा वाजे नुसता. झोप नही, काही नही. तू सांजले दमीसनी घर ये, तुले काय सांगू? मंग शेजारली कडथाईन मांगी लिधी."

तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. डोक्यात डबा वाजे. ही मायची जुनी बोलायची पद्धत, लहानपणापासून ऐकलेली. तेव्हाही मला दुसरं काही सुचलं नाही.

"घरातल्या मुलाला कधी लावली का?"

तिचा हात मुक्ताच्या डोक्यावर गेला. "दिवाळीना पहिले पोरनी दाढ किडेल व्हती. तू जळगावले. रातभर रडे बिचारी. म्हनीसनी चिमूटभर लाई दिधी. गप झोपी गयी. दुसरा दिन तिनीच मांगी. आते सकायले लाया बिगर शायमा जात नही." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "ते काय येसन शे का वं? दात घासानं शे ते. आम्ही बठ्ठा तेच करेल शे."

दिवाळीत आम्ही चार दिवस तोरणमाळला गेलो होतो, मायला घरी ठेवून. चारही दिवस मुक्ता किरकिर करत होती. डोकं दुखतं म्हणायची, झोपेतून रडत उठायची, हॉटेलच्या पोऱ्याला तिने चमचा फेकून मारला. मी अमृतला समजावून सांगितलं होतं की हा आजीचा दुरावा आहे, वयाला धरून आहे, काळजीचं कारण नाही. मी. मुलांच्या मनाची डॉक्टर.

पुढचा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत मुळात नव्हता. तो मीच हट्टाने घातला होता आणि बैठकीत त्याबद्दल कौतुकही करून घेतलं होतं. 'घरातल्या, आता मोठ्या झालेल्या मुलांना लहानपणी लावली होती का?' मी तो सवयीने वाचला.

माय हसली. खरोखर हसली. "हाई बी माले इचारस? तुले लायेल शे ना. चौथीमा व्हती तू, दात हाले तुना. मंग बारावीपर्यंत तू तुना हातेच लाये. कायं मंजन, कायं मंजन करीसनी मना मांगे लागे."

काळं मंजन. पितळी झाकणाची डबी, मोरीच्या कट्ट्यावर. ते बदामाच्या सालीचं, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि मी डॉक्टर झाले, व्यसनांवर व्याख्यानं देत फिरले, तरी ती डबी आठवणीत तिथे मोरीच्या कट्ट्यावरच राहिली. तिच्याकडे मी पुन्हा वळून बघितलं नव्हतं.

"मग... कधी बंद झालं?" हा प्रश्न कागदावर नव्हता.

"होस्टेलले गयी तवय. मी पिशवीमा बांधी देयेल व्हतं. तुना बाप बोलना, तठे डॉक्टर लोके हसतीन पोरले. म्हनीसनी मी काढी लिधं."

भाकरी तव्यावर करपत होती. अमृतने पुढे होऊन गॅस बंद केला. माझा तो महिना. ती बादली. ज्या महिन्याच्या जोरावर मी डॉक्टर झाले, मुलाखती दिल्या, टाळ्या घेतल्या, तो महिना घरच्या आठवणीचा नव्हताच. एका डबीचा होता. आणि नईम सरांना ते माझ्या दोन वाक्यांत कळलं होतं. महिन्याभराने आपोआप? त्यांनी मला तिथेच सांगितलं असतं तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते, हेही त्यांना कळलं असणार.

मायला माझं काय झालंय ते समजेना. ती म्हणाली, "बठ्ठं कसं ग्वाड बोलीसनी इचारं आज. डबा फेका तवय काब्र नही इचारं वं, माय? मी सांगी देती."

तेव्हा का नाही विचारलं? मी कागद तिच्यापुढे केला. तिने पेन मुठीत धरून, जोर देऊन, 'प्रमिला' लिहिलं. मी केलेल्या सहीशी ते जराही जुळत नव्हतं.

शेवटचं पान मुलांचं असतं. ते मुलाला जवळ बसवून, एकट्याला विचारायचं. मी मुक्ताला बाहेर नेलं, पलंगावर बसवलं. ती अजून माझ्या तोंडाकडे भीतभीत बघत होती.

"मुक्ता, मी रागावणार नाही. मघाशी रागावले ते चुकलं माझं. आजी सकाळी ते काळं लावते ना, ते आवडतं तुला?"

तिने 'हो' अशी मान हलवली. "आधी चक्कर यायची. आता नाही येत."

"आणि एखाद्या दिवशी नाही लावलं तर?"

ती विचार करत बसली. मग दोन्ही हात कानांवर ठेवले.

"डबा वाजतो, मम्मी. इथे आत."

तिच्या पानावर 'काय त्रास होतो' या ओळीत मी ते लिहिलं. मग पिशवीतून आणखी एक कोरी प्रश्नावली काढली, वर माझं नाव घातलं, वय चौतीस, सुरुवात चौथीत, शेवट होस्टेल. त्रासाच्या ओळीत 'डोक्यात डबा वाजतो' लिहिलं तेव्हा मुक्ता माझ्या मांडीला टेकून अक्षर लावून वाचत होती. "मम्मी, हे तर माझं आहे," ती म्हणाली, "तू का लिहितेस?"